नावेचा तळ

नाव विकत घ्यावयास गेलेला मनुष्य बहुधा तिचा वरचा भाग पाहून परत येतो. रंग, बैठकी, गळाच्या काठ्या रोवण्याच्या खोबणी, मासळीसाठीं केलेला बर्फाचा कप्पा, हें सारें डोळ्यांसमोर असतें, आणि विकणाराहि तेंच दाखवितो. लाटेची गांठ मात्र पडते ती पाण्याखालच्या भागाशीं. खोल समुद्रांत मासे धरण्यास जाणाऱ्या दोन नावांपैकीं एक निवडावयाची झाल्यास तिचा तळ कसा पारखावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठीं अमेरिकेंतील फ्लॉरिडाचा किनारा घेऊं. मियामीहून पूर्वेस निघालें कीं थोड्याच मैलांवर गल्फ स्ट्रीम हा उष्ण पाण्याचा प्रवाह लागतो. त्याच्या पलीकडे बहामा बेटें आहेत. मार्लिन, सेलफिश, टूना अशा मोठ्या माशांच्या मागें लागलेले लोक पहाटेस या प्रवाहावर जातात. प्रवाह उत्तरेकडे वाहतो. हिंवाळ्यांत उत्तरेचा वारा सुटला म्हणजे वारा आणि पाणी समोरासमोर येतात, आणि लाटा आंखूड, उभ्या व एकमेकींस खेटून उठूं लागतात. सकाळीं तासाभरांत तोडलेलें अंतर परततांना याच लाटांवरून तोडावें लागतें.

आपल्या कोंकण किनाऱ्यावरचा मचवा पाणी बाजूस सारीत, लाटेबरोबर वर-खालीं होत चालतो. त्याचा वेग त्याच्या लांबीनें बांधलेला असतो. ३६ फुटी मचव्यास ताशीं ८ सागरी मैलांच्या पुढें रेटणें म्हणजे नुसतें तेल जाळणें होय. मियामीच्या नावेची जात निराळी. इंजिनाच्या जोरानें ती पाण्यावर चढते आणि पृष्ठभागावरून घसरत धांवते. वेग तिप्पट होतो. पण लाटेच्या माथ्यावरून ती हवेंत सुटते आणि पुढच्या लाटेवर येऊन पडते. सारा प्रश्न या पडण्याचा आहे. बादलींतल्या पाण्यावर तळहात सपाट आपटून पाहा. मग तोच हात आडवा न धरतां कडेवर उभा धरून पाण्यांत घाला. हाताचें वजन तेंच, परंतु पहिल्या वेळीं पाणी एका क्षणांत अडवितें, दुसऱ्या वेळीं वाट देत देत अडवितें.

समजा, धक्क्यावर दोन नावा विकावयास आहेत. दोन्ही ३० फुटी, इंजिनें सारखींच. पहिलीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असून तो धारदार उतार नाळेपासून थेट मागच्या फळीपर्यंत तसाच गेला आहे; मागें मोजला तर सुमारें २४ अंश भरेल. दुसरीची नाळहि तितकीच धारदार आहे, परंतु मागें जातां जातां तळ पसरट होत गेला असून शेवटीं उतार १५ अंशांचाच उरला आहे. समोरून पाहणारास दोघी बहिणी वाटतील. म्हणून नाव जमिनीवर ओढलेली असतांनाच पाहावी, आणि मागें जाऊन, खालीं वांकून पाहावी.

पहिल्या प्रकारच्या तळाचें श्रेय रे हंट या अमेरिकन आंखणीकारास दिलें जातें. १९५८ सालीं न्यूपोर्ट येथें अमेरिका कपच्या शर्यती चालू असतां त्यांची एक लहानशी नाव खवळलेल्या पाण्यावरून सहज धांवतांना डिक बर्ट्रम यांच्या दृष्टीस पडली. त्यांनीं हंट यांच्याकडून तशीच ३० फुटी नाव आंखून घेतली आणि पत्नीच्या लाडक्या नांवावरून तिचें नांव मॉपी ठेवलें. १९६० च्या मियामी-नासाऊ शर्यतींत समुद्र चांगलाच खवळला होता. मॉपीनें तें अंतर सुमारें ८ तासांत तोडून शर्यत जिंकली. पुढें तिच्यावरूनच काचतंतूची ३१ फुटी बर्ट्रम नाव निघाली, आणि धारदार तळाचा बोलबाला झाला.

इथपर्यंत ऐकून कोणीहि पहिलीच नाव घेईल. परंतु मासेमारीची नाव सारा दिवस धांवत नसते. गळ टाकून ती तासन् तास वाऱ्यावर सोडलेली असते, आणि त्या वेळीं हाच धारदार तळ तिला स्वस्थ बसूं देत नाहीं. पसरट तळ बाजूस कलूं लागला कीं त्या बाजूचें पाणी त्यास लगेच उचलून धरतें. धारदार तळास तो आधार उशिरां मिळतो. नाव डोलत राहते. जो गृहस्थ धांवत्या नावेंत हंसत होता, त्यालाच दुपारीं बोट लागते. शिवाय पाण्यावर चढून राहण्यास धारदार तळाला अधिक जोर लागतो, म्हणजे त्याच वेगासाठीं तेल अधिक.

गंमत अशी कीं, याच हंट यांनीं डिक फिशर यांच्याबरोबर १९५८ मध्यें बाजारांत आलेल्या बॉस्टन व्हेलर या १३ फुटी होडीची आंखणी केली, आणि ती अगदीं उलट धर्माची. तिचा तळ बाजूंनीं रुंद व भरीव. उभी असतां कडेवर माणूस उभा राहिला तरी ती फारशी कलत नाहीं. खाडीसाठीं एक उत्तर, खुल्या समुद्रासाठीं दुसरें. जोडतळी नावांचीहि एक जात आहे; त्या उभ्या असतां स्थिर असतात, मात्र भार अधिक झाला तर दोन तळांमधल्या छतावर लाट थडाथड आपटते.

पसरट शेपटीच्या नावेचा एक दोष मात्र मला डोलण्याहून गंभीर वाटतो. परततांना लाट मागून येते, रुंद मागची बाजू उचलते, आणि धारदार नाळ पुढच्या लाटेच्या पोटांत रुतते. नाव नाळेवर फिरून लाटेस आडवी होऊं पाहते. कुशल तांडेल वेग संभाळून आणि मागच्या झडपा वर घेऊन हें टाळतो. नवशिक्याचे हात तेथेंच अपुरे पडतात.

म्हणून परीक्षा वाऱ्याच्या दिवशीं मागावी. विकणारा शांत सकाळीं बोलावील, दुपार मागावी. तेलाची टांकी भरलेली असावी आणि रोज जितकीं माणसें नेणार तितकीं बरोबर असावीं, कारण हलकी नाव अधिक उसळते. लाट समोरून, बाजूनें आणि मागून, तिन्ही रीतींनीं घ्यावी. मग इंजिन बंद करवून अर्धा तास नुसतें बसावें. हा अर्धा तास बहुतेक लोक गाळतात.

हिंवाळ्यांत प्रवाह ओलांडणाराला मी पहिली नाव सांगेन. किनाऱ्याजवळ नाव सोडून गळ टाकणारा, घरच्या वृद्धांस व मुलांस बरोबर नेणारा आणि वारा वाढण्यापूर्वीं परतणारा असेल तर दुसरी. कोणतीहि घेतली तरी वेगांत असतां पुढच्या भागांत कोणास बसवूं नये. गेटवेहून मांडव्याकडे स्पीडबोटीनें गेलेल्यांना पुढच्या बाकाचे धक्के ठाऊक असतील; उसळी सर्वांत मोठी तेथेंच असते, आणि अशा आदळण्यानें पाठीचे मणके मोडल्याचीं उदाहरणें आहेत. वृद्ध मंडळींची जागा मागें, मध्यरेषेजवळ असावी.