प्रमाण भिंगाविषयी
जुन्या लायका कॅमेऱ्यांवरील ५० मिलिमीटरचे एल्मार, किंबहुना कोणतेही प्रमाण भिंग (ज्याचे नाभीय अंतर चित्रचौकटीच्या कर्णाच्या आसपास असते असे), मानवी डोळ्याइतकेच पाहते, असा समज रूढ आहे. वस्तुतः दोन्ही डोळ्यांचे दृष्टिक्षेत्र त्याहून कितीतरी विस्तृत असते. २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर भरतो, आणि खिडकीपासून तिच्या कर्णाहून किंचित अधिक अंतरावर उभे राहिले असता तिच्यातून जेवढा देखावा दिसेल, तेवढाच या भिंगाच्या वाट्यास येतो. मॅक्स बेरेक यांनी अवघ्या चार काचांतून सिद्ध केलेल्या, आणि म्हणूनच मला विशेष स्पृहणीय वाटणाऱ्या, या भिंगाची नळी कॅमेऱ्यात दडपून बसते. मात्र अंतरमापकाची (वस्तूचे अंतर जुळवणाऱ्या यंत्रणेची) खिडकी भिंगाहून स्वतंत्र असल्यामुळे, नळी बाहेर ओढण्याचा विसर पडल्याची वर्दी छायाचित्रकारास बहुधा फिल्म धुतल्यावरच मिळते.