भोंग्याचा पल्ला

संपादकांचं घर महामार्गाला लागून आहे. एका पहाटे तीनच्या सुमाराला त्यांना रेल्वे आल्यासारखं वाटून जाग आली. जवळपास कुठेही रूळ नाहीत. सकाळी त्यांनी मला फोन केला. "ट्रकला रेल्वेचा भोंगा लावतात म्हणे. तो किती लांब ऐकू जातो, एवढंच बघून ये."

म्हणून मी कळंबोलीला गेलो. पोलादाच्या बाजारामागे ट्रकांच्या रांगा असतात आणि त्यांच्या सावलीत पंक्चरवाले, पाटेवाले, वायरमन बसलेले असतात. मला हवा असलेला मिस्त्री एका पत्र्याच्या टपरीत होता. गाव साताऱ्याकडचं, आयुष्य ट्रकांच्या हवेच्या लाइनींखाली गेलेलं. भिंतीवर कर्णे टांगले होते: एकेरी, जोडीचे, तिघांचा एक घोस. खाली खोके. एका खोक्यावर १५० डेसिबल लिहिलं होतं, दुसऱ्यावर ३००.

"तीनशे खरं?" मी विचारलं.

"खोक्याचं छापणाऱ्याला विचारा," मिस्त्री म्हणाले.

खरं असूच शकत नाही. हवेतल्या आवाजाच्या लाटेला उंचवटा असतो तसा खळगाही असतो. तो खळगा निर्वातापर्यंत गेला की त्याखाली जायला जागाच उरत नाही. समुद्रसपाटीच्या हवेत ही हद्द साधारण १९४ डेसिबलला येते. त्यापुढचा आकडा विकणारा माणूस भोंगा विकत नसतो, आकडा विकत असतो.

मिस्त्रींनी एक जुना भोंगा माझ्यासमोर खोलला. मागची झाकणी काढली आणि आत हाताच्या पंजाएवढी पातळ धातूची चकती दिसली. ही चकती म्हणजे पडदा. तो एका नळीच्या तोंडावर चेपून बसलेला असतो. टाकीतली हवा नळीभोवतीच्या पोकळीत शिरते, दाब वाढतो, पडदा नळीवरून किंचित उचलला जातो आणि हवा कर्ण्यात निसटते. निसटली की दाब उतरतो, पडदा परत नळीवर आपटतो. पुन्हा दाब, पुन्हा उचल. हे एका सेकंदात काही शे वेळा. आपण ज्याला भोंग्याचा आवाज म्हणतो तो म्हणजे हे उघडझाक करणारं दार. कर्णा त्या दाराला सूर देतो. लांब कर्णा खर्जात बोलतो, आखूड कर्णा किंचाळतो. शिवाय पडद्याची एवढीशी थरथर बाहेरच्या अफाट हवेला पकडता येत नाही. पसरत जाणारा कर्णा ती हळूहळू तिच्या हवाली करतो.

मिस्त्रींनी पडदा उजेडात धरला, बोटाच्या नखानं टिचकी मारली, कान लावला. मग नळीचं तोंड बारीक पॉलिशपेपरवर गोल गोल घासत बसले. किती वेळ घासायचं याला माप नाही. एका जागी जरी केसाएवढी फट राहिली तरी भोंगा नुसता फुसफुसतो. जास्त चेपलं तर मुका होतो. पावसाळ्यात त्यांच्याकडे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक येतं ते घसा बसलेल्या भोंग्यांचं. टाकीत पाणी साचतं, त्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळतं आणि तो चिकटा पडद्यावर जाऊन बसतो. "क्लीनरनं रोज टाकीचं पाणी सोडलं ना साहेब, तर माझा निम्मा धंदा बंद." झाकणी बसवून त्यांनी मागचा स्क्रू पाव आटा फिरवला, हवा सोडली आणि पुढच्या रांगेतली कबुतरं उडाली. मी कान झाकले. ते मान तिरकी करून सूर ऐकत होते.

रेल्वेच्या भोंग्याचा इतिहास मी रात्री वाचून काढला होता. त्यातलं एकच सांगण्यासारखं आहे, पण ते फार सुरेख आहे. उत्तर अमेरिकेत वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आली तेव्हा त्यांना एकसुरी हवेचे भोंगे बसवले गेले. फाटकाशी आलेल्या लोकांना तो आवाज ट्रकचा वाटायचा आणि ते रुळांवर यायचे. कॅनडातल्या रॉबर्ट स्वानसन या वाफेच्या शिट्ट्यांच्या वेड्या माणसानं मग एकाच वेळी अनेक सुरांत वाजणारे, जुन्या वाफेच्या शिट्टीची आठवण देणारे भोंगे घडवले. म्हणजे रेल्वेला हा घोळदार आवाज मिळाला तो तिला कुणी ट्रक समजू नये म्हणून. आता ट्रकवाला तोच आवाज विकत घेतो.

संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर सोपं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे इंजिनाचा भोंगा पुढे १०० फुटांवर, म्हणजे सुमारे ३० मीटरवर, ९६ ते ११० डेसिबल असावा लागतो. वरची हद्द धरली तर किलोमीटरभरावर ८० उरतात आणि चार किलोमीटरवर ६८. रात्री गावात शांतता पस्तीस-चाळीस डेसिबलची असते. हिशेबानं तो आवाज त्याहूनही खूप पुढे जायला हवा.

पण हवा हिशेब पाळत नाही. चिरके सूर ती वाटेतच गिळते आणि खर्जाला फारसा हात लावत नाही. म्हणून लांबून येणारा भोंगा नेहमी जाड आणि गोल वाटतो. झाडं, घरं, टेकाड आणि वारा आपापला वाटा घेतात. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली असते तेव्हा आवाज वर वाकून निघून जातो. रात्री जमीन निवते, खालची हवा गार आणि वरची ऊबदार होते, आणि वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो. माझ्या गावापासून महामार्ग अडीच किलोमीटर आहे. दिवसा तो आहे हेही कळत नाही. पौषातल्या रात्री ओट्यावर निजलं की घाट चढणारा ट्रक परड्यात आल्यासारखा वाजतो. आजीला वाटायचं, थंडीत ड्रायव्हरं जास्त भोंगे मारतात.

तर उत्तर असं: मोकळा माळ, थंड स्थिर रात्र आणि जाड सूर असेल तर तीन-चार किलोमीटर. भर दुपारी, वस्तीत, वाऱ्याविरुद्ध तोच भोंगा पाचशे मीटरवर गर्दीत विरून जातो. संपादकांचं काम इथे झालं होतं.

मला मात्र दुसराच आकडा छळू लागला. भोंगा ज्याच्यासाठी मारतात त्याला तो किती लांबून ऐकू येतो?

गाडीवर बसवलेल्या हॉर्नची रूढ मर्यादा ७ मीटरवर ९३ ते ११२ डेसिबल अशी आहे. पुन्हा वरचा आकडा घेऊ. २८ मीटरवर १०० उरतात, ५६ वर ९४. आता आडव्या रस्त्यानं महामार्गावर येणारी मोटार घ्या. काचा बंद, एसी चालू. बंद मोटारीचा पत्रा आणि काच मिळून तीसेक डेसिबल बाहेरच ठेवतात. धावत्या मोटारीत आतला स्वतःचा गोंगाट पासष्ट-सत्तरचा असतो. ५६ मीटरवर भोंग्याचे आत ६४ पोचतात, म्हणजे टायरांच्या आवाजात बुडालेले. २८ मीटरवर ७०. तेव्हा कुठे चालकाची मान वळेल. ताशी ८० किलोमीटरनं येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर तोडतो. उरला एक सेकंद आणि थोडं. त्याच भोंग्याचे किलोमीटरभरावरच्या गोठ्यातल्या म्हशीला ६९ डेसिबल ऐकू येतात, आणि तिला रस्ता ओलांडायचा नसतो. गाण्याचा आवाज वाढवून बसलेल्याचा हिशेब मी केला नाही.

रेल्वेचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी असते: सीटी, फाटक. ताशी ११० किलोमीटरनं येणारी गाडी तिथून फाटकाशी सुमारे २० सेकंदांत पोचते, आणि अमेरिकेचा नियमही १५ ते २० सेकंद आधी भोंगा सुरू करा असंच सांगतो. गाडीला वळता येत नाही, चटकन थांबता येत नाही, म्हणून तिच्या हाती आवाज. फ्लोरिडात १९८४ पासून काही गावांनी रात्रीच्या भोंग्याला बंदी केली. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेच्या त्या फाटकांवर रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारला भोंगा परत आणावा लागला. म्हणजे भोंगा जीव वाचवतो, यात वाद नाही. ट्रकला मात्र ब्रेक आहे.

आणि तो ब्रेक त्याच हवेवर चालतो. हे मिस्त्रींनी मला गाडीखाली नेऊन दाखवलं. कॉम्प्रेसर एक, हवा एक. कंपनी ती वाटून देते: पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, पार्किंग, आणि उरलेल्या फुटकळ कामांची एक वेगळी लाइन. मध्ये एक झडप असते. फुटकळ लाइन फुटली तरी ब्रेकची हवा ती धरून ठेवते. भोंगा या फुटकळ लाइनीवरच बसवायचा असतो. पण तिथवर नळी न्यायला वेळ लागतो. घाईचा माणूस ब्रेकच्या टाकीलाच एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, ठोकतो. भोंगा झकास वाजतो. टी गळायला लागली की ब्रेकची हवा गळते, आणि लांब उतारावर ब्रेकही मारायचा आणि भोंगाही, तर दोन्ही एकाच घागरीतून पितात.

"लोक मला विचारतात, आवाज किती? कुणी विचारत नाही, हवा कुठली?"

कायद्याला यातलं काहीच मान्य नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम एकामागून एक सूर काढणारे आणि कर्कश, दचकवणारे भोंगे सरसकट नाकारतो. सूट रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशांना. उगाच हॉर्न वाजवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा १,००० रुपये दंड, पुढे २,०००. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं ट्रकांच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' पुसायला सांगितलं. २०१९-२० मध्ये मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांना ध्वनिमापक जोडले. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागायचा. मला ही शिक्षा फार आवडली होती. पण महामार्गावर सिग्नलच नसतो, आणि पासिंगच्या दिवशी भोंगा काढून ठेवायला, मिस्त्री सांगतात, दोन पाने आणि दहा मिनिटं लागतात.

त्यांना मी विचारलं, तुम्ही कशाला बसवता मग? ते बराच वेळ पडदे पुसत राहिले. आता नवे बसवत नाही, म्हणाले, दुरुस्ती करतो, आणि टी दिसली की काढतो.

तेवढ्यात एक ड्रायव्हर आला. लांबच्या पासिंगची गाडी, घसा बसलेला भोंगा. मिस्त्री खाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पडदा नंतर. आधी ती टी काढू, लाइन बदलू. दोन तास लागतील."

ड्रायव्हरला दोन तास नव्हते. माल खाली करायला नंबर लागला होता. त्यानं हातानंच पुढे जातो अशी खूण केली आणि गाडी पलीकडच्या रांगेत नेली. मिस्त्रींनी चहा मागवला.

चहा संपला न संपला तोच पलीकडून भोंगा वाजला. स्वच्छ, जाड, लांबलचक. मिस्त्रींनी मान तिरकी करून तो शेवटपर्यंत ऐकला.

"पडदा नवा टाकला," ते म्हणाले. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "टी तशीच आहे."