ट्यूबलाइटवर जगणारा कळफलक

संगणकाचा बिनतारी कळफलक आता नवलाचा राहिलेला नाही. त्यातले सेल अधूनमधून बदलावे लागतात, एवढीच त्याची कटकट. २०१० साली लॉजिटेक कंपनीने के-७५० हा कळफलक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला सौरघटांच्या पट्ट्या बसवल्या होत्या. याला ऊन लागत नाही, खोलीतला दिवाही पुरतो आणि एकदा पूर्ण भारित झाला की तो संपूर्ण अंधारातही तीन महिने चालतो, असा कंपनीचा दावा होता. नाशिकमध्ये पावसाळ्यात दिवसचे दिवस आभाळ झाकलेले असते. अशा ठिकाणी या कळफलकाचा निभाव लागेल का? याचे उत्तर आपण साध्या गुणाकार-भागाकाराने काढू.

खर्च किती?

या कळफलकात रुपयाच्या नाण्यासारखा चपटा, पुन्हा भारित होणारा 'एमएल २०३२' सेल असतो. त्याचा दाब ३ व्होल्ट आणि क्षमता सुमारे ६५ मिलिअँपिअर-तास. म्हणजे त्यात साठणारी ऊर्जा ३ × ६५ = १९५ मिलिवॉट-तास. एवढ्या ऊर्जेवर १० वॉटचा एलईडी दिवा जेमतेम ७० सेकंद जळेल. तीच ऊर्जा कळफलकाला तीन महिने, म्हणजे सुमारे २,१६० तास पुरते. भागाकार केला तर सरासरी खर्च येतो ०.०९ मिलिवॉट, दिवसाकाठी सुमारे २.२ मिलिवॉट-तास.

हे कसे साधते? कळफलकाला पडदा नाही, सतत जळणारे दिवे नाहीत, फिरणारा भाग नाही. कळ दाबली की त्यातील प्रेषक अगदी थोडा वेळ जागा होतो, २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर छोटा संदेश पाठवतो आणि पुन्हा झोपतो. भरभर टंकलेखन करणाऱ्याच्या हातूनही दोन कळांमध्ये त्याच्या दृष्टीने भरपूर विश्रांती मिळते.

आवक किती?

भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॉट ऊर्जा मिळते. ट्यूबलाइटखालच्या टेबलावर प्रकाश ३०० लक्स धरला, तर ती भरते अवघी १ वॉट. हजारपट फरक! आपल्या डोळ्यांना तो एवढा जाणवत नाही, कारण डोळा स्वतःला उजेडाशी जुळवून घेतो. सौरघट मात्र तसे करत नाही.

आता सौरपट्ट्यांचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर धरू. त्यांच्यावर पडणारी ऊर्जा होईल ५ मिलिवॉट. त्यातले केवळ ५ टक्के विजेत बदलले असे मानले, तरी ०.२५ मिलिवॉट हाती येतात. दिवा दहा तास चालू राहिला तर २.५ मिलिवॉट-तास जमा आणि २.२ खर्च. जमाखर्च काठावर का होईना, जुळतो.

पावसाळा आणि सुट्टी

खिडकीजवळ परिस्थिती याहून बरी असते. ढगाळ दिवशीही तेथे बहुधा ट्यूबलाइटपेक्षा जास्त उजेड असतो आणि त्यासाठी वीज असण्याचीही गरज नाही. शिवाय शिल्लक असतेच. लासलगाव-निफाडकडचा शेतकरी उन्हाळी कांदा चाळीत भरून पावसाळाभर पुरवतो. सेल ही या कळफलकाची कांदाचाळ. चाळीतला कांदा जसा थोडाथोडा सडतो, तसा सेलमधला भारही न वापरता हळूहळू ओसरतो. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत कळफलक कपाटात ठेवताना तो आधी भारित करावा आणि त्याचे बटण बंद करावे.

उजेड हवा म्हणून तो एप्रिल-मेच्या कडक उन्हात ठेवणे मात्र चूक. उष्णतेने सेलचे आयुष्य घटते. खिडकीजवळची सावली उत्तम.

'सौर' म्हणजे अमर नव्हे

पुन्हा भारित होणारा सेलही काही वर्षांनी थकतो. तो बदलताना एक काळजी आवश्यक आहे. दुकानात सहज मिळणारा 'सीआर २०३२' आकाराने तसाच आणि ३ व्होल्टचाच असतो, पण तो भारित करण्यासाठी बनवलेला नाही. तो येथे बसवल्यास फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. जुना सेल कचऱ्यात टाकू नये आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळला गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

वर्गात करून पाहा

बागेतल्या छोट्या सौरदिव्याची पट्टी सुटी करून मल्टिमीटरला जोडा. ट्यूबलाइटखाली, खिडकीत आणि उघड्या मैदानात आधी व्होल्ट, मग मिलिअँपिअर मोजा. विद्युतप्रवाह प्रकाशाच्या प्रमाणात झपाट्याने वाढतो, दाब मात्र त्यामानाने थोडाच बदलतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल. मग त्यांना विचारा : टेबलावरच्या याच उजेडात मोबाइल फोन का चालू शकत नाही?

फोनच्या बॅटरीवर छापलेला आकडा पाहून विद्यार्थी स्वतःच हिशेब मांडतील. कळफलकाचे यश सौरघट फार वीज देतो यात नसून, कळफलक फार थोडी वीज मागतो यात आहे. सौरऊर्जेवर कोणतेही उपकरण चालवायचे झाले, तर पहिला प्रश्न 'ऊन किती?' हा नसून 'गरज किती?' हा असला पाहिजे.