कंट्रोलचे गहू आणि गावातले गैरसमज

रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवून आजी थांबल्या होत्या. एकदा झालं, दोनदा झालं. पदराच्या टोकाने बोट पुसून तिसऱ्यांदा ठेवलं, तरी मशीन 'नाही'च म्हणत होतं. आयुष्यभर कापूस वेचून त्या बोटावरच्या रेषा झिजून गेलेल्या. आजींनी रिकामी थैली घडी घालून काखेत धरली आणि म्हणाल्या, "जाऊ द्या, या महिन्याचं न्हाई नशिबात." रांगेतल्या कोणीही त्यांना अडवलं नाही, कारण सगळ्यांची समजूत तीच होती: अंगठा उठला नाही की महिना बुडाला.

ही समजूत खोटी आहे. रेशनकार्डावर ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी कोणाही एकाचा अंगठा पुरतो. सुनेचा चालतो, शाळेतून आलेल्या नातवाचाही चालतो. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर त्यावर येणाऱ्या ओटीपीचा मार्ग आहे. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात दुसरं कोणीच नाही, त्याच्या वतीने धान्य उचलायला नॉमिनी ठरवून घेता येतो. ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना लेखी बजावलं आहे की आधार नाही किंवा बोट जुळत नाही एवढ्या कारणावरून पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही. आजींना हे आधी कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी रिकामी थैली घडी घातली नसती.

हे धान्य मुळात कोणाच्या मर्जीचं नाही, हे कळायला जरा बाहेर बघू. गरजूंना धान्य देणाऱ्या संस्थेला जगात 'फूड बँक' म्हणतात. 1967 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अशी पेढी काढली. दुकानांतून, शेतांतून उरलेलं अन्न गोळा करायचं आणि भुकेल्यांना द्यायचं. मुंबईत रोटी बँक याच वाटेने हॉटेलांतलं आणि समारंभांतलं उरलेलं अन्न वाटते. चांगलं काम आहे. पण जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थसारख्या गावात उरलेलं अन्न गोळा करायला अशी किती हॉटेलं असणार? गावाची अन्नपेढी म्हणजे रास्त भाव दुकान, ज्याला मराठवाड्यात अजून जुनी माणसं 'कंट्रोल' म्हणतात. फरक एवढाच की पेढीत देणाऱ्याची मर्जी असते आणि कंट्रोलमागे संसदेचा कायदा आहे.

तरीही सर्वात घट्ट बसलेला गैरसमज लाजेचाच आहे. "फुकटचं खाणं म्हणजे भीक," असं पारावर ऐकू येतं, आणि घरातल्या डब्यात पीठ संपलेलं असताना कर्ता माणूस रांगेत उभा राहत नाही. मला वाटतं, ही लाज जुन्या दुष्काळातून आली असावी. 1972 साली मराठवाड्यातली धडधाकट माणसं खडी फोडायला गेली, मिलो ज्वारी आणि सुकडीवर जगली. सरकारी धान्य म्हणजे हालाचे दिवस, अशी गाठ त्या पिढीच्या मनात बसली. ती समजून घेतली पाहिजे, हसण्यावारी नेता येत नाही.

पण याच जांबेत 1608 साली नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मले, ज्यांना आपण समर्थ रामदास म्हणतो. बोहल्यावरून निघून नाशिकजवळच्या टाकळीला त्यांनी बारा वर्षं तप केलं, ते माधुकरी मागून. पुढे दासबोधाच्या चौदाव्या दशकातला एक अख्खा समास त्यांनी भिक्षेवर लिहिला. ज्या गावच्या माणसाने झोळीला मान मिळवून दिला, त्या गावात थैलीची लाज वाटावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि खरं म्हणजे कंट्रोलचं धान्य ही भिक्षाही नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. महाराष्ट्रात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू आहे. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला मिळून 35 किलो. आधी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. 1 जानेवारी 2023 पासून तेही घेतले जात नाहीत. ते धान्य शेतकऱ्यांकडून हमीभावाने विकत घेतलेलं असतं, आणि त्याचा पैसा साबणाच्या वडीवर आपणही कर भरतो त्यातून आलेला असतो.

आता जालन्याच्या शेतकऱ्याचं. इथे गैरसमजांचा गुंता सर्वात मोठा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

"सातबारा आहे, तुला कशाचं रेशन?" हा प्रश्न अनेकांनी ऐकला असेल. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून अपात्र, असा नियम नाही. प्राधान्य यादीसाठी महाराष्ट्राने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली, ग्रामीण भागात 44 हजार आणि शहरात 59 हजार रुपये. कोरडवाहू तीन एकरांतून हाती काय येतं ते शेतकऱ्यालाच विचारा. ज्यांचं उत्पन्न या रेषेच्या वर, पण एक लाखाच्या आत, त्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांसाठी राज्याने ऑगस्ट 2015 पासून वेगळी सोय केली. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा असे 14 जिल्हे, जिथे आत्महत्या जास्त होत होत्या. जालना त्यात आहे. त्यांनाही माणशी 5 किलो, गहू 2 आणि तांदूळ 3 रुपयांनी मिळू लागला.

पुढे या योजनेसाठी केंद्राकडून धान्य मिळेनासं झालं आणि दुकानात माप थांबलं. "आमची नावं कापली," असा बोभाटा तेव्हा गावोगाव झाला, आणि अजून अनेक घरांत तोच समज आहे. खरी गोष्ट अशी की जानेवारी 2023 पासून धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचा निर्णय झाला: माणशी महिना 150 रुपये, नंतर 170. ती रक्कम कुटुंबप्रमुख महिलेच्या बँक खात्यात थेट जमा होते. म्हणजे नाव कापलेलं नाही, पण खात्याचा तपशील दिला नसेल किंवा खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसा वाटेत अडकतो. तलाठ्याला किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेला विचारा, अर्ज भरून पोच घ्या. पाच माणसांच्या घराचे महिन्याला 850 रुपये होतात.

माझं मत विचाराल तर हा बदल शेतकऱ्याच्या फायद्याचा नव्हता. गव्हाचा भाव चढला तरी 170 रुपये तेवढेच राहतात, आणि खात्यात आलेला पैसा औषधाला, खताच्या उधारीला जातो. कणगीत पडलेलं धान्य मात्र पोटातच जातं. पण म्हणून जे मिळतंय ते सोडून देणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

दिवाळी झाली की तालुक्यातले कोयते ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये संसार भरलेला असतो. आणि गृहीत धरलेलं असतं की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, पाच-सहा महिने, गावचं रेशन गेलं. ते जात नाही. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात, तसंच आंध्र आणि तेलंगणात, 'एक देश एक रेशनकार्ड' सुरू झालं. आता ते देशभर आहे. कार्ड जांबेचं असलं तरी कोल्हापूरच्या, बेळगावच्या किंवा बारडोलीच्या दुकानात अंगठा देऊन धान्य उचलता येतं. कार्ड बदलायचं नाही, तहसीलचा दाखला लागत नाही. बारा अंकी कार्ड क्रमांक नाहीतर आधार क्रमांक सांगायचा. त्याहून कमी लोकांना माहीत आहे ते असं की हिस्सा वाटूनही घेता येतो. नवरा-बायकोने फडाजवळ आपले 10 किलो घ्यावेत, गावी राहिलेल्या सासू आणि मुलांनी आपले इथे. ओळख पडताळणीच्या केवायसीसाठीही फड सोडून गावी धावायची गरज नाही, तिथल्या जवळच्या दुकानात ती होते. ही एवढी माहिती फडावरच्या कोपीपर्यंत पोचली, तर मुलांना गावात आजीजवळ ठेवून शाळा चालू ठेवणं थोडं सोपं होईल.

एक कटू वस्तुस्थितीही सांगायला हवी. पात्र असूनही नाव लागत नाही, असं घडतं. तहसीलमध्ये "इष्टांक संपला" असं उत्तर मिळतं आणि ते नेहमीच टाळाटाळीचं नसतं. किती लोकांना धान्य द्यायचं त्याचा आकडा ठरलेला आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या 76.32 टक्के लोकसंख्येपर्यंतच यादी जाते, आणि मोजणी धरली आहे 2011 च्या जनगणनेची. त्यानंतर वेगळ्या झालेल्या चुली, आलेल्या सुना, जन्मलेली मुलं यांची त्यात जागाच नाही. हा अन्याय आहे आणि तो दुकानदाराच्या हातात नाही. पण मयत झालेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी होतात तेव्हा जागा निघते, आणि ती लेखी अर्ज केलेल्याला मागता येते. तोंडी विचारून परत आलेल्याची कुठेच नोंद राहत नाही.

शेवटचा गैरसमज दुकानदाराबद्दलचा, की तो देतो म्हणून आपल्याला मिळतं. देणारा तो नव्हे. तो परवानाधारक आहे, वाटलेल्या प्रत्येक क्विंटलमागे त्याला कमिशन मिळतं. अनेक दुकानदार भले आहेत, अडल्या माणसाला सांभाळून घेतात. पण कोणाच्या भलेपणावर हक्क अवलंबून ठेवू नये. अंगठा दिल्यावर मशीनमधून एक चिटोऱ्याएवढी पावती निघते. ती मागून घ्यायची. तिच्यावर किती गहू, किती तांदूळ ते छापलेलं असतं, आणि काट्यावरचा आकडा तिच्याशी ताडून बघायचा. पावतीवर 25 आणि थैलीत 23 असेल तर तिथेच बोलायचं. नाही ऐकलं तर 1967 हा फोन आहे, गावची दक्षता समिती आहे, तहसीलदार आहेत, आणि जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे.

त्या आजींना मी दुकानाच्या पायरीवरून परत आणलं. त्यांच्या सुनेला शेतातून बोलावून घेतलं. ती आली तेव्हा हातांना कापसाची बोंडं टोचल्याचे ताजे ओरखडे होते. तिचा अंगठा पहिल्याच वेळी उठला. आजींनी पावती डोळ्यांजवळ धरली, वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ धरून ठेवली, मग घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.