युद्ध आणि घरातला साठा

स्वीडनमध्ये १९४३ साली, ‘युद्ध आले तर’ अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका घरोघरी वाटली गेली. तिचीच नवी आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरपासून सर्व घरांत पाठविण्यात आली. किमान आठवडाभर बाहेरच्या मदतीवाचून निभावता यावे, प्रौढ माणसामागे रोज निदान तीन लिटर पाणी असावे, असे ती सांगते.

आता तुम्हीच हिशेब करा. चार माणसे, सात दिवस : ८४ लिटर, म्हणजे ८४ किलोग्रॅम! धान्यापेक्षा पाण्याचीच अडचण मोठी. वीज गेली की पंप थांबतात आणि नळ कोरडे पडतात.

शिवाय तिकडची थंडी! स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. चौघे एका खोलीत जमले की ४०० वॉटची शेगडीच झाली. म्हणून सर्वांनी एकाच खोलीत राहावे, खिडक्यांवर घोंगड्या टांगाव्यात, असा सल्ला देतात.

पण ही साठेबाजी नव्हे का? माझ्या मते प्रश्न वेळेचा आहे. शांततेत प्रत्येकाने थोडे थोडे जास्त घेतले, तर दुकानदार फळ्या पुन्हा भरतो. सगळे एकाच वेळी धावले, तर त्या रिकाम्या होतात. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर होताच आपल्याकडेही दुकानांपुढे झुंबड उडाली होती. अशा वेळी रोजंदारीवरच्या माणसाच्या हाती काय लागणार? स्वीडनचा तर्क असा, की ज्यांना जमते त्यांनी आधीच सोय केली, तर संकटात सरकारी मदत प्रथम गरजूंकडे वळविता येते.