वारावरचें अंथरूण

इंग्रजीतील ‘चॅपेल’ हा शब्द मुळांत एका पांघरुणाचा आहे. चौथ्या शतकांत मार्टिन नांवाच्या रोमन शिपायानें फ्रान्समधील आमियां नगराच्या वेशीपाशीं थंडीनें कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास आपला झगा तरवारीनें दुभागून अर्धा दिला, अशी आख्यायिका आहे. तो झगा, म्हणजे लॅटिनमधील ‘कापेल्ला’, ज्या ठिकाणीं जपून ठेवीत, त्या ठिकाणासही पुढें तेंच नांव पडलें.

लंडनच्या ट्रॅफल्गर चौकांत याच सेंट मार्टिनच्या नांवाचें चर्च आहे. जेम्स गिब्ज या शिल्पज्ञानें रचिलेली ती इमारत १७२६ सालीं पुरी झाली. तिच्या तळघरांत पूर्वीं शवपेट्या ठेवीत. १९१४ सालीं डिक शेपर्ड हे तेथें मुख्य धर्मगुरु म्हणून आले. महायुद्ध नुकतेंच पेटलें होतें. जवळच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनावर अपरात्रीं उतरणाऱ्या शिपायांस टेंकावयास जागा नसे. शेपर्ड यांनीं चर्चचें दार रात्रभर उघडें ठेविलें. युद्ध संपून शिपाई घरोघर गेले. पण ज्यांना घरच नव्हतें तीं माणसें येतच राहिलीं, आणि मृतांच्या त्या तळघराचा जिवंतांस आसरा झाला.

अलीकडे इंग्लंडांत अनेक ठिकाणीं निराळी तोड निघाली. सात चर्चांनीं हिवाळ्यापुरता आठवड्यांतील एकेक वार वांटून घ्यावयाचा. त्या दिवशीं संध्याकाळीं स्वयंसेवक सभागृहांतील खुर्च्या हलवून बिछाने घालतात, गरम जेवण वाढतात, रात्र जागून काढतात आणि सकाळीं न्याहारी देऊन पाहुण्यांस निरोप देतात. वार लावून जेवणाऱ्या आपल्याकडील गरीब विद्यार्थ्यांची येथें वाचकांस आठवण होईल. कोणा एका घरावर भार पडत नसे, ही त्यांतली सोय; आणि सात उंबऱ्यांवर सात वेळां संकोचानें उभें राहावें लागे, हा त्यांतला सल. विद्यार्थ्याचें निदान ताटच तेवढें बदलत असे; येथें अंथरूणही बदलतें. देणाऱ्याची जी सोय, तीच घेणाऱ्याची पायपीट!

सरकारी व्यवस्थेचीही अशीच अडचण आहे. लंडनांत पारा शून्य अंशावर उतरण्याचें भाकीत झालें कीं तातडीचे निवारे उघडतात. परंतु दोन अंशांवर रात्रभर पावसांत भिजणाऱ्याची थंडी कांहीं कमी असते काय?

२०२० सालच्या कोरोनाच्या साथींत एका दालनांत अनेकांस निजविणें धोक्याचें ठरलें. सरकारनें बेघरांची हॉटेलांतून सोय केली, आणि पुढें कित्येक चर्चांच्या निवाऱ्यांनीं स्वतंत्र खोल्यांचा मार्ग धरला. आंतून कडी लावतां येणारें दार म्हणजे काय, हें ज्यानें तें गमावलें त्यासच ठाऊक! आमच्या मतें ही सुधारणा साथीवांचूनही व्हावयास हवी होती.

सेंट मार्टिनच्या शेजारीं बेघरांसाठीं ‘द कनेक्शन’ ही संस्था चालते. रात्रीच्या निवाऱ्यापेक्षां कायमचें घर आणि काम मिळवून देण्याकडे तिचा ओढा अधिक. तळघरांत आतां उपाहारगृह आहे. त्याच्या फरशींत जुन्या थडग्यांच्या शिळा बसविलेल्या आहेत, आणि तेथील नफा चर्चच्याच कामीं लागतो.