काडतुसातील दारू आणि गोळी यांची सोयरीक

आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. नळीत वरून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या ठासायचा, मग छर्रे, पुन्हा ठासणी, की झाली बंदूक भरून! किती दारू आणि किती छर्रे, हा हिशेब भरणाऱ्याच्या हाताला ठाऊक असतो. दारू कमी पडली तर डुक्कर जखमी होऊन निसटते आणि जास्त झाली तर नळी फुटते. आज ज्या विषयाबद्दल बोलायचे आहे, तो याच हिशेबाचा पुढचा धडा आहे. फक्त त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल.

तिकडे बरेच शिकारी आपली काडतुसे घरीच भरतात. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी खोळ ते जपून ठेवतात, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवतात, आत मोजून दारू घालतात आणि तोंडाशी गोळी दाबून बसवतात. आपल्याकडे हा उद्योग घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसे तयार करायला परवाना लागतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही बंद झाली. तेव्हा हे भाषण हातात साधने घेऊन बसण्यासाठी नाही. पण या विषयात पदार्थविज्ञानाचे इतके धडे दडलेले आहेत, की शिक्षकबंधूंना वर्गात त्यांचा उपयोग व्हावा.

आपण एकच काडतूस उदाहरणाला घेऊ. त्याचे नाव '४५-७०'. नावातच त्याची कुंडली आहे. ४५ म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत, अर्थात अर्ध्या इंचाहून थोडा कमी. आणि ७० म्हणजे मूळ काळ्या दारूचे वजन, सत्तर ग्रेन. ग्रेन हे माप आपल्याला परके नाही. जुना सरकारी तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता, म्हणजे १५ ग्रेनांचा एक मासा. या काडतुसाची जुनी गोळी ४०५ ग्रेनांची, म्हणजे सव्वादोन तोळ्यांची. सव्वादोन तोळे शिसे एका गोळीत! अमेरिकेच्या सैन्याने हे काडतूस १८७३ साली स्वीकारले आणि पुढे १८८६ मध्ये विंचेस्टर कंपनीने जॉन ब्राउनिंग या कारागिराच्या आराखड्यावरून त्यासाठी तरफेची रायफल काढली. चापाभोवतीची कडी खाली ओढायची आणि परत वर न्यायची. तेवढ्यात रिकामी खोळ बाहेर पडते आणि नवे काडतूस नळीत जाते. दाट झाडीत, जवळच्या अंतरावर, मोठ्या जनावरासाठी ही रायफल तिकडे आजही वापरली जाते.

आता दारूकडे वळू. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती धूर फार करते आणि नळीत काजळी धरते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू तयार केली आणि सगळे चित्र पालटले. बिनधुराच्या दारूत त्याच वजनात कितीतरी जास्त शक्ती असते. म्हणून काळ्या दारूचे माप बिनधुराच्या दारूला लावणे म्हणजे साक्षात अपघाताला बोलावणे. काळी दारू खोळीत काठोकाठ भरत असत. बिनधुराची दारू तशी भरली तर रायफलीचे तुकडे होतील. नावातला ७० हा आकडा इतिहासाचा आहे, मापाचा नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

बिनधुराची दारू एकाच जातीची नसते. तिच्या डझनांनी जाती आहेत आणि त्यांच्यातला मुख्य भेद जळण्याच्या वेगाचा. हे समजायला आपल्या चुलीकडे पाहावे. वाळका पेंढा टाकला तर भडका होतो आणि क्षणात विझतो. बाभळीचे लाकूड घातले तर ते सावकाश, पण बराच वेळ जळते. दारूचेही तसेच. बारीक पत्र्यांसारखे किंवा चुऱ्यासारखे दाणे भरकन जळतात; मोठे, नळकांडीसारखे दाणे सावकाश जळतात. कारण जळणे पृष्ठभागावरून होते. जेवढा पृष्ठभाग जास्त, तेवढा वायू लवकर. त्यातही एक खुबी आहे. नळकांडीच्या दाण्याला मधून भोक असते. दाणा बाहेरून जळून लहान होतो, पण आतले भोक जळून मोठे होते. म्हणून जळणारा पृष्ठभाग जवळजवळ कायम राहतो. शिवाय दाण्यांवर जळणे मंदावणाऱ्या द्रव्याचा लेप देतात, म्हणजे आरंभीच भडका उडत नाही.

मग या मोठ्या तोंडाच्या काडतुसाला कोणती दारू हवी? येथे भूमितीचा साधा हिशेब कामाला येतो. ४५-७० च्या गोळीचा व्यास ०.४५८ इंच आहे आणि नेहमीच्या शिकारी रायफलीच्या गोळीचा ०.३०८ इंच. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून मोठ्या नळीचे क्षेत्रफळ लहान नळीच्या दुपटीहून जास्त भरते. गोळी एक इंच पुढे सरकली की मागे मोकळी होणारी जागाही दुपटीहून जास्त. जागा भराभर वाढली की वायूचा दाब भराभर उतरतो. सावकाश जळणारी दारू वापरली तर ती पुरती पेटण्याआधीच गोळी बरीच पुढे गेलेली असते. मग दाब बसत नाही, वेग येत नाही आणि अर्धवट जळलेले दाणे नळीत सापडतात. म्हणून अशा काडतुसाला रायफलीच्या दारूंपैकी त्यातल्या त्यात लवकर जळणाऱ्या जाती सोयीच्या पडतात. तिकडे 'आय.एम.आर. ४१९८' आणि तिच्याहून थोडी मंद 'आय.एम.आर. ३०३१' ही नावे यासाठी वर्षानुवर्षे चालत आली आहेत. हलक्या गोळीला पहिली आणि जड गोळीला दुसरी, असा ढोबळ कल आढळतो. जड गोळी जागची हलायला वेळ घेते, म्हणून तिच्यामागे थोडी मंद दारूही नीट जळते.

कोणी म्हणेल, मग पिस्तुलाची झटकन जळणारी दारू घातली तर? थोडीशी पुरेल आणि पैसेही वाचतील! पण खरा धोका तिथेच आहे. ही खोळ मोठी आहे. झटकन जळणाऱ्या दारूचे माप तिच्या तळाशी जेमतेम दिसते. हातून एकदा घातलेले माप विसरून दुसऱ्यांदा घातले गेले, तरी खोळीत सहज मावते आणि डोळ्यांना काही वावगे दिसत नाही. तो बार उडाला की रायफलीबरोबर बोटे आणि डोळेही जाऊ शकतात. म्हणून जाणते लोक अशी दारू निवडतात, की जिचे एक माप खोळीचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापील. दुसरे माप पडले तर दारू काठावरून सांडते आणि चूक आपोआप उघडी पडते. खोळ बरीचशी भरलेली असण्याचा आणखी एक फायदा असा, की बंदूक वर धरली काय किंवा खाली धरली काय, दारू टोपीपासून लांब सरकत नाही आणि प्रत्येक बार सारखा पेटतो.

आता गोळी. तरफेच्या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारखी ठेवलेली असतात. म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी, नेमके टोपीवर टेकते. गोळी टोकदार आणि कठीण असेल, तर बार उडाल्याच्या धक्क्याने ते टोक टोपीवर आपटून आतल्या आत काडतूस उडू शकते. म्हणून या रायफलीसाठी चपट्या नाकाची गोळी वापरतात. हा शोभेचा भाग नव्हे, सुरक्षिततेचा आहे. अलीकडे, म्हणजे या शतकाच्या पहिल्या दशकात, होर्नाडी कंपनीने मऊ, दबणाऱ्या टोकाची गोळी आणली. तिचे नाक टोकदार असूनही टोपीला इजा करीत नाही.

चपट्या नाकाची किंमत मात्र मोजावी लागते. हवा तिला फार अडवते. ४०५ ग्रेनांची जुन्या पद्धतीची गोळी सेकंदाला सुमारे १३०० फूट वेगाने निघते आणि २०० यार्ड जायला तिला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात कोणतीही वस्तू किती खाली येते, हे आपला आठवीनववीचा विद्यार्थीही काढील: सुमारे सव्वा मीटर. म्हणून ही दीडशे यार्डांच्या आतली रायफल, असे समजून वागणारा शिकारी जनावराला हालहाल होऊन मरू देत नाही.

वजनाचा प्रश्नही असाच आहे. हरणासाठी ३०० ग्रेनांची, नाकात पोकळी असलेली, आत शिरताच फुलणारी गोळी पुरते. अस्वल किंवा तिकडचे मोठे सांबरासारखे जनावर असेल, तर ३५० ते ४०५ ग्रेनांची, न फुटता खोल जाणारी गोळी घेतात. गोळी कोणत्या वेगासाठी घडवली आहे, हे पाहणे फार महत्त्वाचे. १९६४ मध्ये मार्लिन कंपनीच्या तरफेच्या रायफलीसाठी '४४४' नावाचे काडतूस निघाले. आरंभी त्यात २४० ग्रेनांच्या ज्या गोळ्या घालीत, त्या मुळात रिव्हॉल्व्हरच्या कमी वेगासाठी केलेल्या होत्या. रायफलीच्या वेगाने त्या मोठ्या जनावरावर आपटल्या की लवकर फुलत आणि खोल जात नसत. पुढे त्याच काडतुसासाठी २६५ ग्रेनांची खास गोळी निघाली. त्या पहिल्या रायफलीत आणखी एक मर्यादा होती. नळीतील मळसूत्री आटे ३८ इंचांत एकच वेढा घेत. लांब, जड गोळीला स्थिर राहायला भोवऱ्यासारखे जास्त वेगाने फिरावे लागते. वेढा सैल असला की ती गोळी डुलत जाते. म्हणून गोळी घेण्याआधी नळीचा वेढा विचारावा लागतो.

काही जण शिसे वितळवून घरीच गोळ्या ओततात. शुद्ध शिसे मऊ असते. वेग वाढला की ते नळीच्या आट्यांना चिकटते. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण करतात, किंवा गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपली बसवतात.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ४५-७० हे काडतूस दीडशे वर्षांचे आहे. १८७३ ची सैनिकी रायफल, तरफेची मजबूत रायफल आणि अलीकडची एकबारी, फार भक्कम रायफल, या तिन्हींत ते सारखेच बसते. पण तिन्हींची ताकद सारखी नाही! अमेरिकेतील कारखानदारांच्या संस्थेने या काडतुसाला दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला २८,००० पौंड ठेवली आहे. मोटारीच्या चाकात तीसेक पौंड दाब असतो. हा त्याच्या जवळजवळ हजारपट. तरी आजची अनेक शिकारी काडतुसे ६०,००० पौंडांच्या आसपास जातात. ही मर्यादा खाली ठेवली ती जुन्या रायफली लोकांच्या घरी अजून आहेत म्हणून. दारूच्या मापाच्या पुस्तकांत म्हणूनच ४५-७० साठी पुष्कळदा तीन वेगळे तक्ते असतात. भक्कम रायफलीच्या तक्त्यातले काडतूस आजोबांच्या जुन्या रायफलीत घातले, तर ते बसते, दार लागते, आणि पुढे काय होईल ते सांगायला नको. शिवाय कमी दाबाच्या या रायफलींत धोक्याची नेहमीची खूण, म्हणजे टोपी चपटी होणे, वेळेवर दिसत नाही. ती दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

शेवटी खांद्याचाही विचार हवाच. सव्वादोन तोळ्यांची गोळी पुढे गेली की सव्वातीन किलोंची रायफल, वायूंचा हिस्सा सोडूनही, सेकंदाला तीन मीटरांहून जास्त वेगाने मागे येते. तिसरा नियम खांद्यावरच शिकवला जातो म्हणा ना! हाच धक्का नळीतल्या बाकीच्या काडतुसांनाही बसतो. गोळी सैल असेल तर ती खोळीत आत सरकते, दारूची जागा कमी होते आणि दाब वाढतो. म्हणून खोळीचे तोंड गोळीवरच्या खाचेत घट्ट दुमडून घेतात. काडतुसाची एकूण लांबीही ठरलेली असते. लांब झाले तर तरफेच्या यंत्रात अडकते.

मी मुद्दामच दारूचे एकही माप सांगितलेले नाही. ऐकलेले माप कानातून हातापर्यंत येताना बदलते. ज्यांच्या देशात हा उद्योग कायदेशीर आहे, तेही छापील तक्ता समोर ठेवतात, सर्वांत कमी मापापासून आरंभ करतात आणि दारू, गोळी, टोपी, खोळ यांतली एका वेळी एकच गोष्ट बदलतात. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो, नाही का? एका वेळी एकच बदल करावा आणि केलेला प्रत्येक बदल वहीत लिहावा. शेतातल्या खताला, औषधाच्या फवाऱ्याला आणि चुलीवरच्या पाकालाही हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच, की पाक बिघडला तर साखर वाया जाते. इथे बिघडले तर माणूस जातो.